खटका

मिरजेत 'खटका' हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या धंद्याप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. शिकलगाराला बंदुकीची कळ आठवेल, गवयाला स्वरांचा तो चपळ झटका आठवेल, आणि माझ्या वर्गातल्या पोरांना दिव्याचे बटण. गंमत अशी, की आमच्या गावाच्या इतिहासात हे अर्थ याच क्रमाने आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊबंद तंतुवाद्यांकडे वळले. हत्यारांना धार लावणारे हात तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढू लागले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम या गावात पडला. १९३७ साली ते वारले आणि इथल्याच मातीत विसावले.

तिसऱ्या खटक्याची हकीकत मात्र माझ्या वर्गातली आहे, आणि तीत माझी थोडी फजितीही आहे.

शाळेला कोणीतरी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा एक डबा भेट दिला होता. वर गुट्या, आत पोकळ नळ्या. दाबले की एकात एक घट्ट बसतात. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली पेटंटासाठी नोंदवलेली ही रचना. त्या डब्यावर सातवीतल्या एका मुलाचा डोळा होता. घर तंबोरे करणाऱ्यांचे. त्याच्या दादीची बोटे संधिवाताने वळलेली. भिंतीवरचे बारीक बटण तिला दाबवत नाही, आणि रात्री कोणाला हाक मारण्याचा संकोच. म्हणून ती अंधारातच पडून राहते. तिला तळहाताने ढकलता येईल असा खटका त्याला करायचा होता.

घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला या ठोकळ्यांनी हात लावायचा नाही, ही अट मी आधीच घातली. त्याने दोन सेल, एक छोटा दिवा आणि पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद घेतला. लांब पट्टीचा दांडा केला. ढकलला, दिवा लागला. मी म्हणालो, "शाबास! झालं."

"नाही झालं, सर. दांडा अर्ध्यातच राहतोय. दादीचा हात थरथरला की विझतोय."

"अरे, खेळणंच ते!"

पोराने काही न बोलता ठोकळे डब्यात भरले.

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. विज्ञानात माझी गती बेताची. पण ते माझे वाक्य मलाच खटकत राहिले, म्हणून मी पुस्तके उघडली. विजेचे दिवे नवे होते तेव्हा मोठ्यांचीही हीच अडचण होती. दिवा लावणे सोपे, मालवणे कठीण! धातूचे दोन तुकडे सावकाश दूर नेले, की मधल्या फटीतून प्रवाह वाहतच राहतो, ठिणगीची ज्योत होते आणि धातू जळतो. इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावी जॉन हेन्री होम्स याने १८८४ साली यावर तोड काढली. तुकडे दूर नेण्याचे काम त्याने माणसाच्या हातावर ठेवलेच नाही. ते स्प्रिंगवर सोपवले. बोट कितीही रेंगाळो, स्प्रिंग क्षणात ते विलग करते. भिंतीवरच्या बटणाचा 'खट्' आवाज हा त्याच झटक्याचा.

दोन सेलांच्या दिव्यात असली आग नाही. पण अर्ध्यात रेंगाळण्याचा दोष तोच. आणि खेळण्याचे म्हणाल, तर १९३४ साली मँचेस्टरला डग्लस हार्टरी आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या पट्ट्या-चाके जुळवून अवघड समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले होते. मेकॅनो हेही पोरांचे खेळणेच!

दुसऱ्या दिवशी मी मुलाला वर्गासमोर बोलावले, माझी चूक कबूल केली आणि होम्सची गोष्ट सांगितली. त्याने एक रबर मागून घेतले. एक टोक दांड्याला, दुसरे आसाच्या पलीकडे खालच्या गुटीला. दांडा मध्यावर येईपर्यंत रबर ताणत जाते. मध्य ओलांडला, की तेच त्याला पलीकडे खेचून नेते. अधेमधे थांबायला जागाच उरत नाही. तीनदा रबर निसटले, दोनदा ठोकळे उखडले. चौथ्या दिवशी 'खट्' असा आवाज आला आणि सारा वर्ग ओरडला.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही शाळेत कारागिरांचे कौतुक केले होते. कारागिरी म्हणजे 'चालते आहे' एवढ्यावर न थांबणे, हे मला त्या घरातल्या पोराने शिकवले.

तो खटका दादीच्या उशाशी गेला. दुसऱ्या सकाळी मी विचारले, "काय रे, लागला का दिवा?"

"दोनदा लावला, सर. एकदा पाणी प्यायला. आणि एकदा नुसताच."