पाळयमकोट्टईची मराठी बाई आणि तिची मंडळी

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत कान्होपात्रेवर, चोखोबांवर, दामाजीपंतांवर लिहिणाऱ्या पुष्कळजणी आहेत. मी आज मंगळवेढ्यापासून फार लांबच्या, पण आपल्याच भाषेतल्या एका बाईची हकीकत सांगते. तिने तमिळ मुलखात एक लहानशी ख्रिस्ती मंडळी उभी केली. मंडळी म्हणजे एका देवळात जमून उपासना करणारी माणसे. ख्रिस्ती लोकांत हा शब्द रूढ आहे.

तंजावरला भोसल्यांचे राज्य होते हे आपण शाळेत वाचले आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी ते स्थापले. त्यांच्यामागून कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे जाऊन राहिली. अशाच एका ब्राह्मण घरातली ही मुलगी. लहान वयात वैधव्य आले. तिला सती घालण्याची तयारी झाली, तेव्हा लिटल्टन नावाच्या एका इंग्रज अंमलदाराने तिला वाचविले, असे तिकडे सांगतात. सतीची चाल कायद्याने बंद झाली १८२९ साली. ही गोष्ट त्याच्या पन्नासाहून अधिक वर्षे आधीची. घरचे दार तर बंदच झाले होते. ती त्या अंमलदाराजवळ राहिली. त्याने तिला इंग्रजी शिकविले आणि आपल्या धर्माची ओळख करून दिली.

त्या वेळी तंजावर भागात श्वार्ट्झ नावाचे एक जर्मन पाद्री होते. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५१७ साली नवा पंथ काढला, त्या पंथाचे हे. या पंथाचे पहिले मिशनरी डेन्मार्कच्या राजाने पाठविले आणि ते १७०६ साली तरंगंबाडीला उतरले. श्वार्ट्झ आले १७५० साली. राजदरबारी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. तुळजाजी राजांनी मरतेवेळी आपला दत्तक मुलगा सरफोजी यांच्या सांभाळाचा भार या पाद्र्यावर टाकला. राजा हिंदू, पाद्री ख्रिस्ती, आणि विश्वास एवढा! पुढे सरफोजीराजांनी श्वार्ट्झसाहेबांच्या स्मारकासाठी विलायतेहून संगमरवरी शिल्प करवून आणले. अंथरुणावर पडलेले पाद्री आणि शेजारी उभे राजे, असे ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

तर या बाईने श्वार्ट्झसाहेबांकडे बाप्तिस्मा मागितला. त्यांनी नकार दिला. लग्नावाचून एका पुरुषाजवळ राहते, हे कारण. मला हे वाचून वाईट वाटले. जिला स्वतःच्या माणसांनी चितेवर नेले, तिने जावे कोठे? लिटल्टन वारल्यावरच, १७७८ च्या मार्चमध्ये, पाळयमकोट्टईला तिचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवले क्लॅरिंडा. हे गाव ताम्रपर्णी नदीकाठी, तिरुनेलवेलीला लागूनच आहे.

पुढचे काम मात्र तिचे. लिटल्टनने मागे ठेवलेला पैसा तिने अंगावर दागिने करून घातला नाही. गावात जे थोडे ख्रिस्ती होते त्यांना एकत्र आणले. १७८० साली मंडळीची पहिली वही लिहिली गेली, तीत माणसे चाळीस, आणि पहिले नाव तिचे. निरनिराळ्या जातींची माणसे त्या एका वहीत आहेत. आपल्या चोखोबांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिले नाही, हे आठवले की या वहीचे मोल कळते. तरी सगळे गोड होते असेही नाही. तिकडच्या ख्रिस्ती देवळांतही जातीजातींच्या बसण्याच्या जागा पुष्कळ वर्षे वेगळ्याच राहिल्या. धर्म बदलला तरी पंगत लवकर बदलत नाही!

मंडळीला शिकविणारा कोणी कायमचा हवा, म्हणून तिने तंजावरला श्वार्ट्झसाहेबांकडे खटपट केली. त्यांनी सत्यनाथन या तमिळ उपदेशकाला पाठविले. १७९० साली ते ल्यूथरपंथी रीतीने पाद्री झाले. चर्चची इमारत मात्र आधीच उभी राहिली होती. १७८५ साली श्वार्ट्झसाहेब स्वतः येऊन तिचे समर्पण करून गेले.

या मंडळीचा खर्च लंडनची एक इंग्रज संस्था करी आणि पाद्री मात्र जर्मन ल्यूथरपंथी, असा हा संसार होता. १८२० साली तेथे ऱ्हेनियस हे आणखी एक जर्मन पाद्री आले. त्यांनी फार काम वाढविले, पण इंग्रजी चर्चच्या रीतींवर टीका केली म्हणून १८३५ साली त्यांना संस्थेने दूर केले. हळूहळू ल्यूथरचे नाव मागे पडले. १९४७ साली दक्षिण भारतातली अनेक चर्चे एक झाली, त्यात हीही मंडळी गेली.

क्लॅरिंडाबाईंचे ते चर्च अजून उभे आहे. तिकडचे लोक त्याला क्लॅरिंडाचे चर्च म्हणतात, आणि दुसरे नाव आहे पाप्पात्ती अम्माळ कोविल, म्हणजे बामणीणबाईचे देऊळ. तिने खणविलेल्या विहिरीलाही तेच नाव पडले.