हाताला कळलं पाहिजे

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये आभाळ, ढग, धूर हुबेहूब दिसतात. पण माझ्या मते खरा कस लागतो तो दांड्या आणि बटणांचा.

एडविन लिंकने १९२९ च्या सुमारास अमेरिकेत बिंगहॅम्टनला वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून सिम्युलेटर बनवला. दिसायला तो खेळण्यातलं विमान, पण दांडी हलवली की अख्खी पेटी कलायची. १९३४ मध्ये हवाई टपाल नेताना खराब हवेत अमेरिकी लष्कराचे अनेक वैमानिक दगावले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रं विकत घेतली.

दुसऱ्या महायुद्धात नवाच प्रश्न उभा राहिला. बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरायचं आणि धावपट्टीवरच पोटावर बसायचं. चाकांचं आणि फ्लॅपचं बटण शेजारी-शेजारी, दिसायला सारखं. थकलेला वैमानिक फ्लॅपऐवजी चाकं वर घ्यायचा. १९४३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपॅनिस यांनी दोष माणसाचा नसून रचनेचा आहे, हे ओळखलं. उपाय साधा होता: चाकांच्या बटणावर छोटं रबरी चाक, फ्लॅपच्या बटणावर पाचर. आजही विमानात चाकांच्या दांडीची मूठ चाकासारखीच असते.

फौजेत आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलतो-जोडतो, ते याचसाठी. कीबोर्डची एक कळ दाबून चाकं खाली येतात, पण हात काहीच शिकत नाही. सिम्युलेटरमधली मूठ चुकीच्या जागी असेल, तर चुकीचीच सवय मुरते. आणीबाणीत विचाराला वेळ नसतो. मुरलेली सवयच पुढे येते.