शब्दवेध : ॲनिमे

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ची वेळ झाली की कौलांवर चढून अँटेना मुंबईच्या दिशेला वळवायचा, हे अलिबागेतल्या पोरांचे काम. शीर्षकगीत गुलजारांचे, शेरखानचा आवाज शेजारच्या मुरुडच्या नाना पाटेकरांचा. मोगली जपानी आहे असा संशय कोणाला यावा? पण मालिका १९८९ची, ‘निप्पॉन ॲनिमेशन’ची. पुढे केबलवर पोकेमॉन आला, भाड्याच्या सीडी आल्या आणि आपल्या आवडीला नाव आहे हे कळले : ॲनिमे.

जपान्यांनी इंग्रजी ‘ॲनिमेशन’ उचलला आणि त्याचे शेपूट छाटले. तिकडे कुठलाही कार्टूनपट ‘आनिमे’च, अगदी डिस्नेचासुद्धा, ‘फक्त जपानी’ हा अर्थ बाहेरच्यांनी चिकटवला. मुळाशी लॅटिन ‘आनिमा’, म्हणजे श्वास, जीव. संस्कृतातला ‘अन्’, म्हणजे श्वास घेणे, हा धातू तिच्याच गोतातला. त्यातूनच आपले ‘प्राण’ आणि ‘अनिल’ आले. थोडक्यात, ॲनिमे म्हणजे चित्रांची प्राणप्रतिष्ठा. दरवर्षी पेणहून गणपती आणणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.