काटक बहुवर्षायू वनस्पती आणि नेचे : इंग्लंडमधील उद्यान-निवडीचा इतिहास

प्रस्तावना

उद्यानात कोणती वनस्पती लावावी, ती कोठून आणावी व तिच्यावर किती श्रम आणि इंधन खर्च करावे, या निर्णयांतून त्या त्या काळच्या समाजाचे अर्थकारण व अभिरुची व्यक्त होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२० पर्यंतच्या इंग्लंडमध्ये ताटवे व खडकबागा यांसाठी काटक वनस्पतींची निवड कोणत्या तत्त्वावर झाली आणि त्या तत्त्वाची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हंगामी वाफ्यांकडून बहुवर्षायू ताटव्यांकडे

१८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर रद्द झाला आणि काचगृहे बांधणे स्वस्त झाले. जिरेनियम, लोबेलिया, कॅल्सिओलेरिया यांसारखी थंडी न सोसणारी रोपे उबदार काचगृहांत वाढवून उन्हाळ्यापुरती भौमितिक वाफ्यांत लावण्याची प्रथा श्रीमंतांच्या उद्यानांत रूढ झाली. हंगाम संपताच ती उपटली जात व वाफे उघडे पडत.

आयर्लंडमध्ये जन्मलेले विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. ‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) व ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ (१८८३) या ग्रंथांत त्यांनी उघड्यावर हिवाळा काढून दरवर्षी नव्याने फुटणाऱ्या वनस्पतींचा पुरस्कार केला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) यांनी सरे परगण्यातील मन्स्टेड वुड येथे सुमारे २०० फूट लांबीच्या ताटव्यात या विचाराला रंगसंगतीची जोड दिली. दोन्ही टोकांना शीतल रंग आणि मध्यभागी तांबडा-नारिंगी, अशी ती योजना होती. बहुवर्षायू झाडांचा बहर ओसरला की पडणारी रिकामी जागा त्या डेलिया व वर्षायू फुलझाडांनी भरून काढत. काटकपणाचे तत्त्व त्यांनी आंधळेपणाने स्वीकारले नव्हते.

खडकबाग : अधिवासाचा अभ्यास

रेजिनाल्ड फॅरर (१८८०–१९२०) यांनी ‘माय रॉक गार्डन’ (१९०७) व ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ (१९१९) या ग्रंथांतून खडकबागेला अभ्यासाचा पाया दिला. उंच पर्वतावरील वनस्पती थंडीने क्वचितच मरतात. मूळ स्थानी त्या हिवाळाभर बर्फाखाली कोरड्या असतात. इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात मात्र त्यांचा बुंधा कुजतो. म्हणून दगडांची मांडणी शोभेपेक्षा निचऱ्यासाठी आणि मुळांना खोल, थंड फटी मिळाव्यात यासाठी करणे आवश्यक ठरले.

नेच्यांचे वेड आणि त्याची किंमत

खडकबागेची सावलीतील, ओलसर बाजू नेच्यांना मानवते. त्यांची लोकप्रियता फॅररच्या कितीतरी आधीची होती. लंडनच्या धुरकट हवेत नेचे जगत नसत. तेथील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत नेचा उगवलेला आढळला व त्यातून बंदिस्त काचपेटीची कल्पना पुढे आली. पुढे घरोघरी नेचे पोहोचले. चार्ल्स किंग्सली यांनी १८५५ मध्ये या छंदाला ‘टेरिडोमेनिया’, म्हणजे नेच्यांचे वेड, असे नाव दिले.

या वेडापायी रानातील नेचे मुळासकट उपटले गेले. किलार्नी नेचा अनेक ठिकाणांहून नाहीसा झाला. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने त्याला ब्रिटनमध्ये संरक्षण मिळाले. खडकांच्या कपारीत वाढणारा वुडसिया इल्व्हेन्सिस हा छोटा नेचाही संग्राहकांमुळे दुर्मीळ झाला. बीजाणूंपासून वाढवलेली त्याची रोपे स्कॉटलंडमध्ये पुन्हा रानात लावण्याचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाती घ्यावे लागले.

निष्कर्ष

काटक वनस्पतींच्या पुरस्कारामुळे उद्यानकलेत इंधनाच्या बळापेक्षा अधिवासाच्या ज्ञानाला महत्त्व आले, हे तिचे खरे यश होय. परंतु वनस्पती आपल्या बागेत तग धरील काय, एवढाच प्रश्न निवडीसाठी पुरेसा नाही, हे नेच्यांच्या इतिहासावरून दिसते. ती जेथून आणली तेथे तिचे काय उरले, हा प्रश्नही निवडीचाच भाग आहे. बीजाणूंपासून किंवा रोपवाटिकेत वाढवलेला नेचा आणि कपारीतून उपटलेला नेचा बागेत सारखेच दिसतात. त्यांतील फरक रानात दिसतो.