भात्यापासून पंपापर्यंत : चांदा प्रदेशातील उष्णता-नियंत्रणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
तापमान पाहून प्रवाहाची गती ठरविणे हे आधुनिक अभियांत्रिकीचे तंत्र मानले जाते. तापन यंत्रणेतील संवेदक पाण्याचे तापमान मोजतो, नियंत्रक त्याची अपेक्षित तापमानाशी तुलना करतो व पंपाची गती कमी-अधिक करतो. या तत्त्वाची पूर्वपीठिका आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भट्टीतील नियंत्रण :
जुन्या चांदा जिल्ह्यात लोहारा, देऊळगाव येथील खनिजापासून मातीच्या लहान भट्ट्यांत, लाकडी कोळशावर लोखंड काढले जाई. तापमापक नव्हता. ज्योतीचा रंग पाहून भात्याची गती बदलली जाई. कारागिराचा डोळा हाच संवेदक आणि भाता चालविणारा माणूस हाच नियंत्रक होता. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलातील कोळशावर निर्बंध आले. त्यातच स्वस्त आयात लोखंडाची स्पर्धा वाढली व हा व्यवसाय लोपला. अलिखित असलेले ज्ञानही त्याबरोबर बहुतांशी नाहीसे झाले.

यंत्रातील नियंत्रण :
जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला गतिनियामक जोडला आणि निर्णय यंत्राकडे जाऊ लागला. युरोपातील घरांत तापलेले पाणी प्रथम हलकेपणामुळे आपोआप फिरे. विसाव्या शतकात त्यासाठी पंप आला. तो एकाच गतीने चाले व झडपेने प्रवाह रोखावा लागे. पुढे विद्युत वारंवारता बदलून पंपाची गतीच नियंत्रित करणे शक्य झाले. बंद परिपथात पंपाला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती 80 टक्के केल्यास शक्ती सुमारे 51 टक्केच लागते.

चंद्रपूरच्या उष्ण हवामानात तापनापेक्षा शीतन महत्त्वाचे आहे. तेथे हे तत्त्व उलट लागू होते : पाणी तापले की गती वाढवावयाची. मात्र गती-नियंत्रणाने वीज वाचते. शीतन मनोऱ्यातून वाफ होऊन जाणारे पाणी मुख्यतः टाकावयाच्या उष्णतेवर अवलंबून राहते. चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी घटल्याने या केंद्रातील संच बंद ठेवावे लागले.

निष्कर्ष :
संवेदकाला पाण्याचे तापमान कळते, धरणातील साठा कळत नाही. काय मोजावयाचे हे आजही माणूसच ठरवितो. म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात उपकरणांइतकेच भट्टीसमोरील त्या अनामिक कारागिराच्या निर्णयशक्तीलाही स्थान मिळणे आवश्यक आहे.