पडांगवरचा जागा माणूस

हात पुढे करा. तळव्यावर पडलेला गिलाव्याचा पांढरा लगदा गार आणि बुळबुळीत लागेल. शिंपल्यांचा चुना, अंड्यांतला पांढरा बलक आणि जाडी साखर एकत्र कुटून तो केला आहे, आणि नारळाची सोडणं भिजवलेल्या पाण्याने सैल केला आहे. साल १८६०. सिंगापुरातल्या पडांग नावाच्या मैदानाशेजारी सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल उभं राहतंय. तुमच्या डाव्या-उजव्या हाताला राबणारे हे सगळे हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी आहेत. त्यांच्यावर नजर ठेवणारा मुकादमही कैदीच. कान द्या, मुंबई इलाख्यातूनही माणसं इथे आली आहेत, त्यामुळे तमिळ-बंगालीच्या गलक्यात एखादा ओळखीचा शब्द कानी पडेल.

यातल्या प्रत्येकाच्या पाठीशी एक गुन्हा आहे, निदान गुन्ह्याचा निवाडा आहे. पण त्याची कथा कुणी लिहीत नाही. ती लिहिता येते हे मेडोज टेलरने १८३९ मध्येच दाखवलं होतं. पुढे नळदुर्गाचा कारभार पाहणाऱ्या या साहेबाने एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी केली. एडगर अॅलन पोचा पॅरिसमधला गुप्तहेर आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. इंग्रजी गुन्हेकथेच्या पाळण्याची एक दोरी आपल्या दख्खनच्या मातीतली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्या कादंबरीत देशी माणसाच्या वाट्याला कबुली देणं येतं. कागद-लेखणी साहेबाच्या हातात.

गिलाव्यावरून हात काढा आणि मागे वळा. मैदान तेच, साल १९२६. समोर क्रिकेट क्लबाच्या व्हरांड्यात गोरे मळेवाले बसले आहेत. तुम्हाला आत घेणार नाहीत, तेव्हा बाहेरूनच ऐका. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमचं नवं पुस्तक आलंय आणि ही मंडळी संतापली आहेत. मॉम १९२१ मध्ये इथे येऊन गेला, यांच्याबरोबर जेवला, आणि यांचीच झाकली प्रकरणं त्याने छापली. त्यातल्या ‘द लेटर’ या कथेचं बीज क्वालालंपूरचं. १९११ मध्ये तिथल्या एका शाळेच्या हंगामी मुख्याध्यापकाची पत्नी एथेल प्राउडलॉक हिने एका पुरुषाला गोळ्या घातल्या. फाशीची शिक्षा झाली आणि सेलांगोरच्या सुलतानाने ती माफ केली. मॉमने खटला सिंगापुरात आणला आणि वकिलाच्या कचेरीत एक चिनी कारकून उभा केला, ओंग ची सेंग.

या कारकुनाकडे नीट बघा. पांढरे स्वच्छ कपडे, मनगटाला सोन्याचं घड्याळ, बोलणं अदबीचं. अख्खी गोरी वसाहत आरोपी बाईंना निर्दोष मानते आहे, आणि हा हलक्या आवाजात वकिलाला सांगतो की बाईंच्या हातचं एक पत्र आहे. किंमत दहा हजार डॉलर. कथेत ज्याला सगळं ठाऊक आहे असा हा माणूस आहे. दुसऱ्या कुठल्या कथेत तो शोध लावणारा ठरला असता. इथे मॉम त्याला लबाड मध्यस्थ करून सोडतो. मॉमची कारागिरी मला मान्य आहे, हा न्याय मान्य नाही.

रात्र झाली की बँकांच्या आणि वखारींच्या दारांकडे जा. बाजेवर शीख पहारेकरी बसलेला दिसेल. मलय भाषेत त्याला ‘जागा’ म्हणतात. शब्दाचं मूळ संस्कृत, म्हणून आपल्या कानाला तो थेट कळतो: जागा राहिलेला माणूस. शहरात कोण कुणाकडे कधी येतं, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नसेल. त्यालाही कथेत जागा नाही.

आता १९६५, मे महिना. पडांगसमोर घुमटाची मोठी इमारत आली आहे, सुप्रीम कोर्टाची. आत शिरा. पिंजऱ्यात सनी अँग. २७ ऑगस्ट १९६३ रोजी तो जेनी चियोक या तरुणीला सिस्टर्स आयलंड्सपाशी स्कूबा डायव्हिंगला घेऊन गेला. ती वर आली नाही. तो तिला शोधायला पाण्यात उतरला नाही. तिचा भरभक्कम विमा होता, आणि त्यातल्या एका पॉलिसीची मुदत त्याच दिवशी पाच दिवसांनी वाढवून घेतलेली होती. प्रेत नाही, पाहणारा साक्षीदार नाही. पाणबुड्यांना पुढे सापडला तो पायातला एक फ्लिपर, टाचेचा पट्टा धारदार शस्त्राने कापलेला.

सात ज्युरींच्या मागे उभे राहा. नानावटी खटल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना ज्युरीचं दडपण सांगायला नको. पुराव्याचा एकेक दुवा मांडला जातो तसं कोर्टातल्या माणसांचं वाचक होणं सुरू होतं. ही रहस्यकथेचीच रीत: सुटा धागा काहीच सांगत नाही, सगळे मिळून एकाच दिशेला ओढतात. ज्युरीने एकमताने दोषी ठरवलं. १९६७ च्या फेब्रुवारीत अँगला फाशी झाली. सिंगापुरात प्रेताविना खुनाची शिक्षा झाली ती पहिल्यांदाच. १९६९ मध्ये तिथली ज्युरी पद्धतही गेली. अॅलेक्स जोसीने या खटल्यावर पुस्तक लिहिलं, आणि खटल्यांची पुस्तकं तिथे आवडीने वाचली गेली. त्याच सुमारास आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचनालयांतून घरोघर जात होते. तसा घरचा माणूस सिंगापूरच्या इंग्रजी वाचकाला मिळायला अजून बरीच वर्षं होती.

तो २००९ मध्ये आला. शमिनी फ्लिंट या वकिलीतून लेखनाकडे वळलेल्या बाईंनी इन्स्पेक्टर सिंग उभा केला: फेटा, सुटलेलं पोट, पायात पांढरे बूट, वरिष्ठांना नकोसा. बाजेवरचा जागा उठून तपासाला निघाला, असं मला तो वाचताना वाटलं.

२०१३ मध्ये ओविडिया यू यांची आंटी ली आली. बिन्जाई पार्कातल्या तिच्या खानावळीत शिरा. मिरचीच्या सांबालचा ठसका लागेल, बरणीत ‘आचार’ दिसेल. शब्द हिंदीतल्या ‘अचार’चाच, आंबट-तिखट चवही आपल्या लोणच्याच्या नात्यातली. सेंटोसाच्या किनाऱ्याला एका बाईचं प्रेत लागलंय, आणि ही पेरानाकान, म्हणजे मलय मुलखात रुळलेल्या चिनी घराण्यातली, विधवा ताटात काय उरलं यावरून माणसं ओळखते. सोबत नीना, फिलिपिन्सहून घरकामाला आलेली, मालकिणीइतकीच तल्लख. २०१७ मध्ये यू मागे गेल्या, १९३६ च्या सिंगापुरात, आणि हंगामी गव्हर्नरच्या घरात त्यांनी पोलिओने लंगडणारी सू लिन ही चिनी मुलगी पाठवली. नव्वद वर्षांपूर्वीच्या ओंग ची सेंगला मिळालेलं हे उत्तर आहे. दाराशी उभं राहणाऱ्याने आता प्रश्न विचारायचे, आणि साहेबाने उत्तरं द्यायची.

जुनं सुप्रीम कोर्ट आज नॅशनल गॅलरी आहे. आरोपींच्या कोठड्या जपून ठेवल्या आहेत. सिंगापूरला गेलात तर चित्रं पाहून झाल्यावर तिथे पाच मिनिटं थांबा. मग बाहेर येऊन रस्ता ओलांडा, कॅथीड्रलच्या भिंतीला हात लावा. तो गिलावा करणाऱ्यांची रहस्यकथा मराठीत लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं. सिंगापुरात राहणाऱ्या मराठी लेखकांनो, ती तुम्ही लिहा.