डिलाईल रोडच्या चाळी आणि सखल भूमीचा निचरा

मुंबईच्या कामगारवस्तीचा इतिहास लिहिताना खोल्यांच्या आकाराचा व भाड्याचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. त्या खोल्या ज्या भूमीवर उभ्या राहिल्या, तिच्या पाण्याचा विचार त्या मानाने उपेक्षितच राहिला. डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, हे या उपेक्षेचे बोलके उदाहरण होय.

महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी एके काळी थेट भायखळ्याच्या बाजूस पसरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीच्या बांधाने ते खिंडार बुजले. (महालक्ष्मीची मूर्ती याच बांधाच्या वेळी समुद्रात सापडल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.) समुद्र हटला; पण भूमी उंच झाली नाही. पुढे शहराचा कचरा व माती टाकून भराव घातला गेला, तरी बराच भाग भरतीच्या पातळीखालीच राहिला. ज्या बांधाने समुद्राला आत येऊ दिले नाही, त्यानेच पावसाच्या पाण्याची बाहेर जाण्याची नैसर्गिक वाटही अडविली. एकोणिसाव्या शतकात हे पाणी मोठ्या नाल्याने वरळीच्या लव्हग्रोव्हकडे नेण्यात आले. भरतीच्या वेळी नाल्याच्या मुखाची दारे बंद ठेवावी लागत आणि तेवढे तास पाऊस रस्त्यावरच साचे.

जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या, तोही ओहोटीच्या वेळचा. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. पडलेल्या पावसापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे त्या गणितात गृहीत धरलेले होते. म्हणजे उघडी जमीन ही निचऱ्याच्या यंत्रणेचाच एक अलिखित भाग होती.

अशा प्रदेशात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने चाळी बांधल्या. त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. त्यांपैकी ३२ चाळी डिलाईल रोडवरच्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. वरळीच्या कित्येक खोल्या तर प्रारंभी रिकाम्याच पडून होत्या. या चाळींची निंदा रास्तच आहे. मात्र दोन चाळींमधील मोकळ्या जागा, जेथे पुढे कबड्डीचे सामने व गणेशोत्सव रंगले, पावसाचे पाणी काही अंशी झेलीत होत्या. यात योजकांची दूरदृष्टी मानण्याचे कारण नाही. १८९६ च्या प्लेगनंतर शहररचनेचा रोख हवा व उजेड यांवर होता. पाण्याचा लाभ हा केवळ आनुषंगिक होय.

१९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने हे गणितच बदलले. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरावा आणि जमिनीत काहीच मुरत नाही असे मानावे, असे त्याने सुचविले. जमीन काँक्रीटखाली गेल्याची ही एक प्रकारे अधिकृत कबुलीच होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला (कुलाब्यास त्याचा दशांशही नव्हता), तेव्हा या अहवालाची खरी आठवण झाली. हाजीअली व लव्हग्रोव्ह येथे पाणी उपसणारी केंद्रे त्यानंतरची.

चाळींच्या पुनर्विकासाचा निर्णय २०१६ साली झाला. भाडेकरूंस ५०० चौरस फुटांची घरे मिळावयाची असून, एका खोलीत पिढ्या काढलेल्यांच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. नव्या इमारतींस पर्जन्यजलसंचय बंधनकारक आहे खरा. परंतु भरावाच्या सखल जमिनीत पावसाळ्यात भूजल वर आलेले असता शोषखड्ड्यांची मात्रा फारशी चालत नाही. तेथे ओहोटी लागेपर्यंत पाणी थोपवून धरणाऱ्या टाक्याच अधिक उपयुक्त. परळच्या हिंदमाता परिसरासाठी महापालिकेने २०२१ नंतर नेमका हाच मार्ग धरला आणि दादर व परळ येथील मैदानांखाली अशा टाक्या बांधल्या. टाकी मैदानाखाली गेली, वरचे मैदान मैदानच राहिले.